गाळ कोण उपसणार?

ठाण्याला तलावांचं शहर म्हणायची जुनी रीत आहे. त्या म्हणण्यामागोमाग एक हिशेबही ठरलेला असतो: शिलाहारांच्या काळी इथे साठ तळी होती, आता पस्तीसेक उरली. साठ हा आकडा जरा जास्तच गोल आहे आणि तो कोणी मोजून लिहिला असेल असं वाटत नाही. तरी तो खरा मानला, तर त्यातून निघणारा प्रश्न ‘पंचवीस कुठे गेली?’ एवढाच राहत नाही. उरलेली पस्तीस इतकी शतकं टिकली कशी, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. येऊरच्या डोंगरावर वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत. उतारावरून येणारं पाणी माती घेऊनच येतं. अशा जागी खणलेलं तळं नुसतं सोडून दिलं तर दोन-तीन पिढ्यांत त्याचं दलदलीचं मैदान होतं, आणि त्यानंतर ते सपाट जमीन म्हणून कोणाच्या तरी नावावर चढतं. म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातलं जे तळं विसाव्या शतकापर्यंत पाणी धरून होतं, ते मधल्या काळात पुन्हापुन्हा उपसलं गेलं होतं. खणणाऱ्या राजांची नावं ताम्रपटांत आणि शिलालेखांत राहिली. उपसणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नाही, पण तळ्यांचा खरा इतिहास त्यांचाच आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आज निसर्गाच्या मदतीने पाण्याचं नियोजन करण्याच्या ज्या योजना मांडल्या जातात, त्यांचं यशापयशही मला त्याच एका प्रश्नावर ठरताना दिसतं: गाळ कोण उपसणार, आणि का उपसणार?

तळ्यांची गरज या भागाला का पडली, हे नकाशावर नजर टाकली तरी कळतं. ठाणं म्हणजे डोंगर आणि खाडी यांच्यामधला एक अरुंद पट्टा. पश्चिमेला येऊर, पूर्वेला खाडी, खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. खाली काळा बेसाल्ट, जो भेगांमधून थोडंबहुत पाणी मुरवतो पण फार साठवत नाही. खाडीकाठी खोल विहीर घेतली तर मचूळ पाणी लागायची भीती. त्यामुळे पावसाचं पाणी डोंगराच्या पायथ्याशीच अडवणं, त्याला मुरायला वेळ देणं आणि त्या ओलीवर आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणं, याला पर्याय नव्हता. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत चाललं आणि श्रीस्थानक, म्हणजे ठाणं, हे त्यांचं मोठं नगर. देवळाजवळ पाणी हवं हा त्यांच्या बांधकामाचा नेमच दिसतो. अंबरनाथचं शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं शिवमंदिर वालधुनी नदीच्या अगदी काठावर आहे. त्या नदीची आजची अवस्था पुढे येईलच.

ठाण्यातल्या तळ्यांपैकी मासुंदा सर्वांना ठाऊक आहे, निदान ‘तलावपाळी’ या नावाने. पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा काठ. ती पाळ आता फरसबंद असून तिच्यावर शहर संध्याकाळी फिरायला येतं. काठाजवळचं कोपिनेश्वराचं देऊळ मूळ शिलाहारकाळातलं मानलं जातं. मराठ्यांनी १७३७ साली ठाणं पोर्तुगीजांकडून घेतल्यानंतर, १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. सत्ता पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे, पुढे १७७४ साली इंग्रजांकडे गेली, पण तळं भरलं नाही. राजवट कोणतीही असो, काठच्या माणसाला प्यायला, धुवायला, गुरांना पाजायला पाणी लागतच होतं. चैत्र-वैशाखात तळं आटलं की तळाचा गाळ उघडा पडायचा. तो उपसून शेतात टाकला की जमिनीला खत मिळायचं आणि तळ्याला खोली मिळायची. म्हणजे उपसा हे ओझं नव्हतं, त्यातून हाती काही तरी लागायचं. टिटवाळ्याच्या महागणपतीची कथा याच कामातून जन्मलेली आहे. माधवराव पेशव्यांच्या काळात तिथे पाण्याची टंचाई होती, म्हणून जुन्या तळ्याचा उपसा हाती घेतला. सरदार रामचंद्र मेहेंदळे त्या कामावर होते आणि गाळ काढताना मूर्ती सापडली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तरी एवढं ध्यानात घ्यायला हरकत नाही की आज मंगळवारी, चतुर्थीला ज्या देवळापुढे रांगा लागतात, त्याची जन्मकथा तळं उपसण्याची आहे. लोकांच्या आठवणीत हे काम देवाच्या तोलाचं होतं.

गोड्या पाण्याच्या तळ्यांइतकंच मोठं, पण कमी मिरवलं गेलेलं दुसरं काम म्हणजे खारबंदिस्ती. ठाण्यापासून कल्याणपर्यंत उल्हासच्या खाडीकाठाने आणि खाली रायगडात पेण-अलिबागपर्यंत, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून शेताखाली आणली गेली. चिखलमातीचा बांध, खाडीकडच्या अंगाला लाटेचा मारा सोसणारी दगडांची पिचिंग, आणि जागोजागी उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी झडपेचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याची पातळी वर राहते आणि तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना माणूस उभा करावा लागतो, ना इंजिन. नव्या बांधलेल्या खारीत पहिले काही पावसाळे नुसते मीठ धुण्यात जातात, मग राता भातासारखी खारवट जमीन सोसणारी वाणं लावली जातात. आज अभियंते ज्याला निसर्गाधारित उपाय म्हणतात, म्हणजे पाण्याशी झुंज न देता त्याच्याच वेळापत्रकाने काम करून घेणं, त्याचा याहून नेमका नमुना सापडणं कठीण. पण या झडपेच्या चातुर्याइतकीच बांधाची निगा महत्त्वाची होती. खेकडा बीळ करतो, उंदीर पोखरतो, आणि एका उधाणाच्या रात्री खांड पडते. खांड त्याच ओहोटीला बुजवली नाही तर पुढची भरती ती दुप्पट करते आणि आतलं शेत पुढची दोन-तीन वर्षं पिकत नाही. म्हणून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत शिलोत्री नावाची व्यवस्था होती. बांध घालणाऱ्या आणि त्याची दुरुस्ती अंगावर घेणाऱ्याला दर बिघ्यामागे ठराविक भात मिळे. निगराणीची किंमत पिकातच धरलेली होती. इंग्रजी अमदानीत असंही घडलं की शिलोत्रीदार भात घेत राहिले आणि बांध मात्र ढासळत गेले. व्यवस्था कागदावर जिवंत असते आणि बांधावर मेलेली असते, हा अनुभव नवा नाही.

आता तळ्यांचं काय बिनसलं ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी की काँक्रीट आलं आणि तळी गेली. मला हा क्रम उलटा वाटतो. तळी आधी निरुपयोगी झाली, काँक्रीट नंतर आलं. १८५३ साली मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. १८६३ साली ठाण्यात नगरपालिका झाली. १८८१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती जेमतेम पंधरा हजारांच्या घरात होती. त्याच सुमारास शहरापासून थोड्या अंतरावरच्या पोखरण तलावाचं पाणी नळाने गावात आणलं गेलं. रोगराई आटोक्यात आणायची तर हे करणं योग्यच होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या दिवशी गावातल्या इतर तळ्यांचं एक मोठं काम संपलं. इकडे मुंबईची तहान ठाणे जिल्ह्याकडे वळली होती. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. तिथलं विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली, मग शहापूर तालुक्यातलं तानसा १८९२ साली. स्वातंत्र्यानंतर वैतरणा, भातसा. १९७२ साली बदलापूरजवळचं बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नळांना आज याच धरणांचं आणि उल्हास नदीचं पाणी येतं. पाणी जितकं लांबून येऊ लागलं, तितकं जवळचं पाणी नजरेआड झालं. ज्या तळ्याचं पाणी कोणी पीत नाही, त्यात गटार सोडलं तर बोंब कोण मारणार? आणि ज्यात गटार सुटलं, त्याचा गाळ शेतात कोण टाकणार? शेतही तोवर उरलेलं नव्हतंच. जो गाळ खत म्हणून गाड्या भरभरून जात होता, तो आता विल्हेवाट लावायचा घनकचरा झाला. उपशाचा खर्च तोच राहिला, त्यातून मिळणारा लाभ गेला. भरणी टाकून त्या जागेवर रस्ता, बाजार किंवा इमारत करणं हा यानंतरचा टप्पा आहे.

नद्यांच्या बाबतीत हाच क्रम अधिक वेगाने घडला. राजमाचीच्या डोंगरांतून निघणारी उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर अशी उतरत कल्याणला येते, तिथून खाडी होऊन ठाण्याच्या उत्तरेने वसईकडे जाते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. तिची छोटी उपनदी वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, अंबरनाथचं देऊळ, उल्हासनगर अशी येत कल्याणजवळ उल्हासला मिळते. काकोळ्याला जी. आय. पी. रेल्वेने आपल्या इंजिनांच्या पाण्यासाठी तलाव बांधला होता, एवढी ती नदी वरच्या अंगाला निर्मळ. पुढे फाळणीनंतर कल्याण कॅम्प या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसलं, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी कारखान्यांची साखळी उभी राहिली आणि वालधुनीचा नाला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून त्यात रसायन ओतल्यामुळे काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. यात विचार करण्यासारखं हे की ज्या उल्हासमध्ये वरची गावं सांडपाणी सोडतात, त्याच उल्हासमधून मोहिली, शहाड अशा ठिकाणी पिण्याचं पाणी उचललं जातं. म्हणजे इथे उपयोग संपलेला नाही. तरीही निगराणी नाही, कारण पाणी पिणारा आणि पाणी बिघडवणारा एका नगरपालिकेत राहत नाहीत. गावच्या तळ्यात हे दोघे एकाच पाळीवर समोरासमोर असत.

या पार्श्वभूमीवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले दुरुस्तीचे प्रयत्न पाहिले पाहिजेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना २००१ साली सुरू झाली. तिच्यात पवई, कोल्हापूरचा रंकाळा, भिवंडीचा वऱ्हाळादेवी यांच्या जोडीने ठाण्यातली नऊ तळी घेतली गेली. अशा कामांत गाळ काढणं, काठ बांधणं, पाण्यात हवा खेळवणं, घाण खाणारे जिवाणू सोडणं, असे उपाय केले जातात. जिवाणू हा निसर्गाधारित उपाय खराच. पण वरून गटार चालू असताना ते सोडत राहणं म्हणजे दर हंगामाला तोच पैसा पुन्हा पाण्यात घालणं. गणेशविसर्जनासाठी कृत्रिम तलावांचा पायंडा पाडण्यात ठाणं पुढे होतं आणि त्याचा तळ्यांना निःसंशय फायदा झाला. माझा आक्षेप काठाच्या बांधकामाला आहे. सुशोभीकरण म्हटलं की उभी भिंत, तिच्यावर कठडा, भोवती फरशी, मध्ये कारंजं, रात्री रंगीत दिवे. उतरती पाळ गेली की पाण्याच्या कडेचं लव्हाळं जातं, त्यात अंडी घालणारे मासे-बेडूक जातात, उथळ पाण्यात टिपणारे बगळे जातात. शिवाय पावसात तळ्याला पसरायला जागा उरत नाही. जे तळं आपल्या कडेला जिवंत असतं, त्याची नेमकी कडाच आपण काढून टाकतो आणि वर त्याला संवर्धन म्हणतो.

खाडीच्या बाबतीत चित्र काहीसं वेगळं आणि जास्त आशेचं आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. मधल्या काळात राज्याने वन विभागात कांदळवन कक्ष काढला. २०१५ साली ठाणे खाडीचं सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि २०२२ साली खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कांदळवन टिकतं आहे याचं मोठं कारण हेच की त्याला नाव, कायदा आणि पहारेकरी तिन्ही मिळाले. मात्र रोहित आले म्हणजे पाणी सुधारलं, असा अर्थ काढणं घाईचं ठरेल. शहराच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं शेवाळ हे रोहितांचं इथलं एक मोठं खाद्य आहे, असं पक्षी अभ्यासक मानतात. गुलाबी थवे पाहायला होडीतून जाणाऱ्यांना हे सांगितलं तर त्यांचा विरस होईल, पण खरं तेच आहे.

या सगळ्या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की ही जुन्या काळाची आरती आहे. उपसा करणारे हात कोणाचे होते आणि पाणी पिण्याचा हक्क कोणाला होता, याची आठवण ठेवावीच लागते. याच कोकणात, महाडला, सार्वजनिक तळ्याचं पाणी अस्पृश्यांना घेऊ दिलं जात नव्हतं. कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केल्यावरही दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना त्यासाठी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. खारबांधाची गोष्टही वेगळी नाही. बांधावर राबणारं आगरी कूळ आणि पिकाचा मोठा वाटा खोताचा. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ ते १९३९ अशी सहा-सात वर्षं नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीनच कसली नाही, ती याच अन्यायापायी. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो ‘निगराणीची जुनी रचना टाकून द्या’ असा नाही. निगराणी करणाऱ्याला लाभातला न्याय्य वाटा हवा, असा तो आहे. चरीच्या कुळांनी बांध नको असं म्हटलं नव्हतं. बांध आमच्या घामाचा, मग भात खोताचं का, हा त्यांचा सवाल होता. आजच्या योजनांनाही तो लागू पडतो: तळ्याच्या काठच्या घरांची किंमत वाढते ती कोणाची, आणि गाळात उतरणारा कंत्राटी कामगार कोण?

दुसरा आक्षेप आकाराचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. पंधरा हजारांच्या गावाची तळी या शहरांना काय पुरणार? पिण्याला पुरणार नाहीत, हे उघड आहे. तसा दावा कोणी करत असेल तर तो भाबडा आहे. पण तळ्याचं दुसरं काम शहर वाढल्यावर कमी होत नाही, उलट वाढतं. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी मावायला जागा असेल तर तिथे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर मावतं. दहा हेक्टर फरसबंद वस्तीवर पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस बरोबर तेवढाच होतो. ठाणे-कल्याणमध्ये पूर येतो तो नुसत्या पावसाने नाही, तर मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यावर. नाल्यांची तोंडं खाडीच्या पाण्याने अडतात. भरतीकडून ओहोटीकडे जायला सहा तास लागतात. त्या सहा तासांपुरतं पाणी वर कुठे तरी थांबवता आलं की पुष्कळ नुकसान टळतं. यावर जाणकार म्हणतील, जुलैअखेर तळं आधीच तुडुंब असतं, त्यात जागा कुठली? मुद्दा रास्त आहे. म्हणूनच तळ्याची खोली, सांडव्याची उंची आणि पसरायला मोकळी कड या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. सांडवा हलता ठेवला आणि मोठ्या पावसाच्या इशाऱ्यानंतर, ओहोटीच्या वेळी, तळ्याची पातळी थोडी उतरवून ठेवली, तर जागा तयार होते. हे काम उघाडीच्या तत्त्वाचंच आहे. फक्त झडप आपोआप चालणारी नसेल, तिच्यापाशी जबाबदार माणूस लागेल. आणि गाळाने भरलेल्या तळ्यात यातलं काहीच जमणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. शहरातल्या जमिनीचा भाव पाहता तळ्याला किंवा पूरक्षेत्राला मोकळी जागा देणं परवडत नाही, असं म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचा २०१८ चा जागतिक जलविकास अहवाल निसर्गाधारित उपायांवरच होता. त्याची दिशा अशी की हे उपाय धरणं-नळ-प्रक्रिया केंद्रं यांची जागा घेत नाहीत, त्यांच्या जोडीला येतात. तरी खर्च कोणी भरायचा हा प्रश्न उरतोच. त्याची दोन उत्तरं जगात आधीच आहेत. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत शहराचं सांडपाणी उथळ भेऱ्यांमध्ये, म्हणजे माशांच्या तळ्यांमध्ये, सोडतात, सूर्यप्रकाश आणि शेवाळ ते निवळवतात, आणि त्यावर मासे पोसतात. २००२ साली या जागेला रामसर दर्जा मिळाला, पण त्याआधी अनेक पिढ्या ती टिकली ती मासेमारांच्या पोटापाण्यामुळे. अर्थात कारखान्याच्या रसायनांनी भरलेल्या वालधुनीवर हा प्रयोग करता येणार नाही. आधी रसायन वेगळं काढावं लागेल, नाहीतर तो मासा विष ठरेल. दुसरं उत्तर न्यूयॉर्कचं. त्या शहराने १९९७ साली करार करून वरच्या कॅट्सकिल डोंगरातल्या गावांना आणि शेतकऱ्यांना पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, कारण मोठं गाळणी केंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. आपल्याकडे हे परकं वाटायचं कारण नाही. शिलोत्रीचं बिघ्यामागचं भात ते हेच होतं. २०१७ सालच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतही गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याचा लाभ हीच मूळ कल्पना होती.

उल्हासच्या खोऱ्यात असा पैसा देण्याजोगी वस्तू अजून शिल्लक आहे, ती म्हणजे भातखाचर. अंबरनाथ, कल्याण, भिवंडी या तालुक्यांत जे खाचर उरलं आहे त्याच्या बांधात वीतभर पाणी उभं राहतं. पंधरा सेंटिमीटर धरलं तर हेक्टरी पंधरा लाख लिटर. शेतकरी ते भातासाठी अडवतो, पण त्याच वेळी खालच्या शहराचा पूरही अडवत असतो, आणि याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा उल्हास आपल्याच पूरक्षेत्रात पसरली होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर आखण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण रेषेच्या आतल्या शेतकऱ्याला ती फक्त मनाई म्हणून भेटते: इथे बांधू नका. बांधलं नाही तर हाती काय येईल, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. मग भरणीचे डंपर येतात, खाचराची गोदामं होतात, कल्याण-शीळ रस्त्याकडेला मनोरे उठतात. खालच्या महापालिकांनी आपल्या पाणीपट्टीतला काही भाग वरच्या तालुक्यांतल्या बांधांसाठी आणि नदीकाठासाठी राखून ठेवायचा म्हटलं, तर त्याला कायदा लागेल, मोजणी लागेल आणि आपल्या हद्दीबाहेर पैसा पाठवायला तयार असलेले नगरसेवक लागतील. यातलं तिसरं सर्वांत कठीण आहे. पण तो पैसा जाईपर्यंत खाचर विकलं जात राहील, कारण बिल्डर देतो तो भाव रोख असतो.